फोटोतली ओवी

जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रात शीघ्र म्हणावं असं एकच होतं: साहेबांचं जेवायला उठणं. कुंदा पहिल्यांदा तिथे आली, तेव्हा तिची ओवी तीन वर्षांची होती. बोलत नव्हती, हाक मारली तरी बघत नव्हती. केंद्राने अर्जावर ओवीचा फोटो चिकटवून घेतला आणि सांगितलं, "तपासणीची तारीख कळवू." कळवली. चार वर्षांनी.

तपासणीच्या दिवशी अधीक्षक चिखलकरसाहेबांनी फोटो पाहिला, ओवीला पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, फसवता काय आम्हाला? ही ती मुलगी नव्हेच. फोटोतल्या मुलीला घेऊन या, नाहीतर नवा अर्ज करा."

नवा अर्ज म्हणजे आणखी चार वर्षं, हे बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या आयांना पाठ होतं.

कुंदाने पिशवीतून जुनी पोचपावती काढून टेबलावर ठेवली. "साहेब, फोटोतली मुलगी मी इथेच आणली होती. हा तुमचाच शिक्का. तुम्ही 'थांबा' म्हणालात, म्हणून थांबलो. मधली चार वर्षं तुमच्या कपाटात असतील. तेवढी काढून द्या, फोटोतली मुलगी आत्ता उभी करते. सापडत नसतील, तर 'आमच्याकडून हरवली' असं लिहून द्या."

दारात आया गोळा झाल्या. प्रत्येकीच्या हातात पोचपावती होती.

साहेबांनी चष्मा नाकावर घेतला. ओवीचा चेहरा त्यांना एकदम ओळखीचा वाटू लागला.

त्या दिवशी साहेब जेवायला उठले नाहीत.