जाळीच्या आतलं गवत

"मग गवताचं बियाणंच बदलू का, आप्पा?"

धुळाजीनं उभ्याउभ्याच विचारलं. संक्रांतीपर्यंत गवत पुरलं नाही, तर त्याला दीडशे मेंढरांचा अख्खा कळप विकावा लागणार होता.

मायाप्पा धनगर धुळाजीच्या जाळीबाहेर माळावर लोकर कातत बसला होता. "बस की," म्हणाला.

हा धुळाजी एके काळी मायाप्पाच्याच मेंढरांमागं चार वर्षं हिंडला होता. पुढं त्यानं वडिलांच्या माळाला उंच जाळी ठोकली, मेंढके काढून टाकले आणि आपल्याइतका शहाणा पंचक्रोशीत नाही, असं स्वतःच ठरवलं. तीन वर्षांत लांडग्यानं त्याचं एकही कोकरू नेलं नव्हतं. हे तो भेटेल त्याला सांगे. आजही सांगून झालं.

"पाऊस योकच, माती योकच," तो म्हणाला. "जाळीच्या भाईर गवत गुडघ्याला लागतंय. आत मुळं उघडी पडली. असं का?"

"मेंढरांस्नी इचार."

म्हातारा टिंगल करतोय, असं धुळाजीला वाटलं.

मायाप्पा उठून जाळीपाशी गेला. दोन्ही तळवे तोंडाशी धरून त्यानं लांडग्यासारखा लांब सूर काढला...

बाहेर पांगलेली त्याची मेंढरं माना वर करून एकमेकांना बिलगली. गवत अर्धं खाल्लेलं तसंच टाकून ती पुढच्या उतारावर निघून गेली.

आत धुळाजीच्या एकाही मेंढरानं मान वर केली नाही. हौदाजवळचे तेच ते गवताचे ठोंब ती कुरतडत राहिली.

धुळाजी खाली बसला. कधी आत बघे, कधी बाहेर.

"ही दिसभर हितंच?" मायाप्पानं विचारलं.

"हितंच. पाणी हाय, भ्या न्हाई. कशापायी हालतील..." बोलता बोलता तो थांबला.

त्यानं उतारावरच्या मायाप्पाच्या मेंढरांकडं बघितलं.

"लांडग्यानं तुमची किती नेली औंदा?"

"दोन कोकरं."

"वाईट न्हाई वाटत?"

"वाटतं की. त्यातलं एक माझ्या हातावर वाढल्यालं. दोन दिस भाकर गोड लागली न्हाई."

"मग त्याला अडवत का न्हाई?"

"अडवतो तर. कुत्री हायती, काठी हाय."

"आन् तरी म्हणता, ऱ्हाऊ दे त्याला?"

"म्या कुठं काय म्हणलो?"

धुळाजी पुरता गोंधळला. खरं तर आता त्याला बियाण्याची आठवणही नव्हती.

"आप्पा, सरळ सांगा. लांडगा न्हाई, हे चांगलं का वाईट?"

मायाप्पानं जागेवर येऊन पुन्हा लोकर हातात घेतली...

"दोन कोकरांच्या मजुरीवर वरीसभर मेंढरं हाकणारा गडी, धुळा, दुसरा कुठं मिळंल, ते तूच सांग."