वानराच्या गळ्यातली घुंगुरमाळ

पूर्वी वेणुपूर नगरीत राजा धृतिसेन राज्य करीत असता बोधिसत्त्व वानराच्या योनीत जन्मला होता. नगरीकडे येणाऱ्या व्यापारी वाटेवर सात वळणांचा घाट होता आणि त्या घाटातल्या अडतीस वानरांचा तो नायक होता.

घाट उतरण्यापूर्वी गाडीवान माथ्यावर बैल सोडत, शिदोरी उघडत आणि पहिली मूठ वानरांना टाकत. त्याने गाड्या घाट सुखरूप उतरतात, असा त्यांचा समज होता. पहिल्या वर्षी गाड्या निघून गेल्यावरच वानर खाली येत. दुसऱ्या वर्षी ते वाटेच्या कडेला बसू लागले. पाचव्या वर्षी तिसऱ्या वळणावर बैलांची घुंगुरमाळ वाजली की सगळी टोळी माथ्याकडे धावत सुटे. रानात उंबर पिकून गळत होते. त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हते. उन्हाळ्यात कोणत्या कपारीत पाणी झिरपते, हे पोरांना ठाऊकच नव्हते.

तांबी नावाच्या एका लेकुरवाळ्या वानरीने तर नवीच युक्ती काढली. चणे पडले की ती ओरडे, “बिबट्या!” सगळे झाडावर चढत आणि ही खाली चणे वेचत राही. लवकरच ती युक्ती सगळेच करू लागले.

बोधिसत्त्व म्हणाला, “तांबे, खोटी हाक देऊ नये.”

“मग काय करू, आजोबा? धटिंगण सगळं लुटतात. माझ्या पोराला काय, टरफलं?”

“उंबर पिकलाय.”

“उंबर! चढा, तोडा, किडे झटका! इथं बसल्या जागी तोंडात पडतं.”

“आजोबांचे दात पडलेत,” मागून कोणी तरी बोलले, “म्हणून त्यांना चणे नकोत!” सगळी टोळी खिदळली.

पुढे एके दिवशी एका व्यापाऱ्याच्या मुलीने हात पुढे केला. हात रिकामा होता. एक दांडगा वानर चिडून त्या हाताला कडकडून चावला. व्यापारी राजाकडे गेले आणि राजाने घाट मोकळा करण्यासाठी दोन व्याध पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घुंगुरमाळ वाजली. टोळी उसळली. बोधिसत्त्व मात्र खडकावर थबकला. घुंगरू वाजत होते, पण चाकांची करकर नव्हती, धूळ नव्हती, गाडीवानाची आरोळी नव्हती. त्याने निरखून पाहिले. करवंदीच्या जाळीमागे एक माणूस हाताने माळ हलवत होता. पुढे चण्यांचा सडा होता, पाचोळ्याखाली जाळे होते आणि दुसऱ्या माणसाच्या मुठीत दोरी होती.

“बिबट्या!” बोधिसत्त्व जिवाच्या आकांताने ओरडला.

कोणी मान वळवली नाही. “अरे वा, आजोबाही शिकले!” कोणी तरी हसले. बाकीचे सदतीस वानर जाळ्याकडे सुसाट निघाले होते.

बोधिसत्त्वाने थेट व्याधाच्या खांद्यावर उडी घेतली, माळ हिसकली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि रानाच्या दिशेने झेप टाकली.

“माळ! अरे, माळ नेली!” व्याध किंचाळला. त्याची काठी बोधिसत्त्वाच्या पाठीत बसली, तरी तो थांबला नाही. फांदीमागून फांदी, छन् छन् छन्! टोळी जाळ्यापासून चार हातांवर गर्रकन वळली. “तिकडे! चणे तिकडे चालले!” आणि सगळे घुंगरांमागे धावले.

माळ थांबली ती उंबरावर. भुकेल्या वानरांनी इकडे तिकडे शोधले, आणि चणे दिसेनात तेव्हा उंबर खाल्ले.

दुसऱ्या दिवशी घुंगरू भोकरीवर वाजले, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या कपारीपाशी.

तांबीने आता सारे ओळखले होते. ती हळूच म्हणाली, “आजोबा, माळ काढा. बिबट्यालाही ती ऐकू येते.”

“येते खरी,” बोधिसत्त्व म्हणाला, “पण पोरांना अजून सारं रान ठाऊक झालेलं नाही.”

सतराव्या दिवशी बिबट्या आला. दरीच्या कडेला बोधिसत्त्व उभा होता आणि त्याच्या मागचे गवत हलले. ते तांबीने पाहिले.

“बिबट्या!”

टोळी तिच्याकडे पाहत राहिली. बोधिसत्त्वाने मात्र मागे वळूनही पाहिले नाही. तिच्या हाकेवर विश्वास ठेवून त्याने समोरच्या फांदीकडे उडी घेतली. ते पाहताच सगळे सरसर झाडांवर चढले. बिबट्याचा पंजा माळेत अडकला, दोरा तुटला, बोधिसत्त्व फांदीवर सुखरूप पोहोचला आणि घुंगरू खणखणत दरीत गेले, कितीतरी वेळ वाजत गेले. त्या आवाजाकडे एकही वानर वळला नाही.

माथा ओस पडला, तसे राजाने व्याधांना परत बोलावले. गाडीवान पहिली मूठ बैलांना देऊ लागले. गाड्या घाट पूर्वीसारख्याच सुखरूप उतरत राहिल्या.

एकाच श्रीमंत दारी भिक्षेला रेंगाळणाऱ्या भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, “त्या टोळीतले वानर म्हणजे तुम्हीच, भिक्षूंनो. तांबी म्हणजे आजची भिक्षुणी वारणा, जिची हाक संघात कोणी खोटी मानत नाही. आणि ज्याच्या गळ्यात माळ होती, तो मीच.”

हाकेला कोणी ओ देत नसता त्यांच्या ओळखीच्या आवाजानेच त्यांना वाटेवर आणणे, ही प्रज्ञा. तो आवाज आपल्या गळ्यात बांधून घेणे, ही करुणा.