साळुंकीची फुकट चाकरी

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका बिळात भुरकी नावाची सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत होती. एकदा पैलतीराहून एक साळुंकी आली आणि म्हणाली, "बाई, मला कामाला ठेवा. मला मोबदला नको." भुरकी हरखली. कोवळं गवत कुठे आहे, पाऊस कधी येणार, सगळं साळुंकी सांगायची. पिल्लांना गाणी म्हणून निजवायचीसुद्धा.

एका दुपारी भुरकी नदीवर पाणी प्यायला गेली, तर पलीकडून कोल्हा लाघवी आवाजात म्हणाला, "भुरकीबाई, धाकट्याच्या पायातला काटा निघाला का?"

काट्याची गोष्ट बिळाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. भुरकी धावत घरी आली. "तू त्याला सांगितलंस?"

"रोजच सांगते," साळुंकी म्हणाली. "पिल्लं कुठल्या वाटेने बाहेर पडतात, तेही. माझं पोट तोच भरतो. तुम्ही कधी विचारलंच नाही."

"विचारायला मला कळायला तरी हवं ना!"

भुरकीने तिला तिथल्या तिथे निरोप दिला आणि दिवस मावळेपर्यंत राबून बाभळीच्या मुळांखाली नवं बीळ खोदलं. दुसऱ्या दिवशी कोल्हा नदी ओलांडून आला, जुन्या बिळापाशी दबा धरून बसला आणि उपाशीच परतला.

आता गवतासाठी भुरकीला अंमळ जास्त हिंडावं लागे. पण घरी आली की पिल्लं कुशीत शिरून आपल्या खोड्या तिला सांगत. ती पोटभर हसे, आणि ते हसू फक्त त्या चौघांचं असे.