पेढीच्या खरेदीवर नेमलेला बैल

देवाशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि ज्यांनी सांगितली तेही नव्हते. पण तिघांनी सांगितली आणि तिन्ही वेळा बैल होता.

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करत होता, त्या वेळी बोधिसत्त्व धनगुप्त शेठजींच्या पेढीवर बैल म्हणून जन्माला आला. नाव कबऱ्या. त्या काळी बैल बोलायचे. फार नाही, कामापुरतं. ते दिवसच वेगळे होते. घोंगड्यांची गाडी वेशीतून आत आली की अख्ख्या पेठेत लोकरीचा उबट वास पसरायचा, आणि लोक म्हणायचे, "थंडी आली वाटतं."

पेढीच्या दारावर शेठजींनी दगडात कोरून घेतलं होतं, 'कुणाचं पोट मारून घेतलेला माल इथे येत नाही.' आत मात्र खरेदीवाल्या कुंडलला वेगळा नियम होता: भाव जितका पाडशील, तितकं तूप बक्षीस. कुंडलला तूप फार आवडायचं. दगड वाचायला त्याला वेळ नव्हता.

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर तो घोंगड्या विणणाऱ्या चंपाकडे गेला आणि भाव निम्म्यावर आणला.

"कुंडलदादा, एवढ्यात लोकरसुद्धा येत नाही. माग फोडून चुलीत घालावा लागेल."

"घाल की. थंडीच आहे," म्हणत त्याने माल भरला.

परतताना गाडीला जुंपलेला कबऱ्या वेशीतच बसला. चुचकारलं, मारलं, उठला नाही. मागे चाळीस गाड्या अडकल्या. शेवटी शेठजी आले.

"कबऱ्या, बाबा, काय दुखतंय?"

"मला काही नाही. दारावर एक लिहिलंय, आणि तूप भलत्याच कामाला मिळतंय. मी कुणाचं ऐकू?"

शेठजींनी बराच विचार केला. "मग खरेदी तूच बघ," म्हणाले, आणि बैलाला तिथेच रस्त्यात खरेदीप्रमुख नेमलं. कुणाला काही वाटलं नाही. मागच्या गाडीवाल्यांना तर बरंच वाटलं.

कबऱ्याने तूप बंद केलं आणि एकच नियम केला: ज्याचा माल घ्याल, त्याच्याच घरी महिनाभर जेवाल. तिथे शिजेल तेच.

कुंडल हसत चंपाकडे जेवायला बसला. पहिल्या दिवशी पेज मिळाली. दुसऱ्या दिवशी पेजेचं पाणी. तिसऱ्या दिवशी चंपा मागाची फळी घेऊन चुलीशी उभी होती.

"आज शिजवायला काही नाही. पाणी तरी तापवते."

कुंडल त्या फळीकडे बघत राहिला. त्याच्या आईचाही माग होता. त्याची खटखट ऐकत तो झोपायचा. एका हिवाळ्यात ती खटखट थांबली. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्याने फळी काढून घेतली आणि परत मागाला ठोकली.

"भाव पूर्वीचाच. लोकरीचे पैसे वर."

"तूप कायमचं बुडेल तुमचं, दादा."

"बुडू दे. आधी तांदूळ आणतो."

पुढे शेठजींनी कबऱ्याला हळूच विचारलं, "भाव जरा जास्त नाही ना झाला?" कबऱ्या पुढचे पाय दुमडायला लागला. शेठजी म्हणाले, "नाही नाही, ठीक आहे."

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कुंडल म्हणजे आज विहारासाठी कापड आणणारा हा भिक्षू. चंपा म्हणजे ते विणणारी उपासिका. शेठजी म्हणजे समोर बसलेला दाता गृहस्थ. आणि कबऱ्या मीच." दुसऱ्याच्या पोटासाठी एकदा ठरवलं की न हलणं, यालाच अधिष्ठान पारमी म्हणतात.

चला, आता पाकीट काढा. ही कानटोपी माझ्या आईनं विणलीय, पन्नास रुपये. कमी करायचे असतील तर आधी माझ्या आईशी बोला.