ट्रकच्या पंपाची मदत

गॅरेजातल्या भंगारालाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. दस्तगीर मिस्त्रींनी तुकडे जोडून जोडून एक जीप उभी केली. ब्रेक ट्रकचा, त्याला आणि स्टीअरिंगला दाब पुरवणारा पंपही ट्रकचाच. स्टीअरिंग मात्र एका लहान गाडीचं.

पंप मनाचा मोठा. स्टीअरिंग जरा हललं, की तो सगळा जोर लावायचा आणि जीप वळण सोडून थेट बांधावर चढायची!

"दादा, जरा बेतानं," स्टीअरिंग कळवळलं. "माझे तेल अडवणारे रबरी सील फाटतायत."

"अरे, तुझ्यासाठीच जीव तोडून राबतोय ना! या ब्रेकला विचार," पंप म्हणाला.

"मला लागतो तुझा सगळा जोर," ब्रेक म्हणाला, "पण मी ट्रकचा. हे एवढंसं."

मिस्त्रींनी बॉनेटला कान लावला. ब्रेकची नळी त्यांनी तशीच ठेवली, स्टीअरिंगच्या नळीत दाब कमी करणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला. पंपाला वाटलं, आपले हातच बांधले. तो रुसला.

दुसऱ्या दिवशी घाटात अचानक म्हैस आडवी आली. ब्रेकनं पंपाचा होता नव्हता तेवढा जोर घेतला, स्टीअरिंगनं मोजकाच. जीप म्हशीला अलगद वळसा घालून गेली.

पंपाचा रुसवा अजून गेला नव्हता. स्टीअरिंग हळूच म्हणालं, "दादा, आज पहिल्यांदा वळण मी घेतलं."