वीस पिस्तुलांची मागणी

एका घाटाच्या पायथ्याला सोनवली नावाचे गाव होते. तिथे हैबती नावाचा एक कारागीर पिस्तुले घडवत असे. त्याचे पिस्तूल तळहाताएवढे, कमरेच्या पट्ट्यात सहज मावणारे. फौजेला त्याचा उपयोग नव्हता, शिकाऱ्यालाही नव्हता. पण एकट्याने घाट ओलांडणारे सराफ, वैद्य आणि टपालवाले ते मुद्दाम सोनवलीला येऊन घेत. तसे पिस्तूल त्या मुलखात दुसरे कुणी करत नसे.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब पडवी. हैबतीखेरीज तिथे दोघेच काम करत. इमामभाई लोखंडाची नळी घडवत आणि केरू शिसवी लाकडाची मूठ कोरत असे. हैबतीचे वडील लवकर गेले, तेव्हा हातात कानस कशी धरायची हे त्याला इमामभाईंनीच शिकवले होते. इमामभाईंना नळीत केसाएवढा वाकडेपणा दिसला, तर मालकाला न विचारता ते ती परत भट्टीत टाकत. हैबती कधी रागावला नाही.

मग सरकारने घाटातून पक्की सडक बांधली. जागोजाग पोलिसांच्या चौक्या बसल्या. मोटारगाडी सुरू झाली आणि सकाळी निघालेली माणसे गप्पा मारत दुपारी पलीकडे उतरू लागली. बायका-मुलेसुद्धा निर्धास्त जाऊ लागली. ही चांगलीच गोष्ट होती. फक्त हैबतीच्या दाराशी येणारे गिऱ्हाईक आटले. पहिल्या वर्षी ते निम्मे झाले, आणि पुढच्या वर्षी पावसाळा संपला तरी कुणी फिरकले नाही.

हैबतीला काय ते कळत होते. पण ते दोघांना सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती. त्यांच्या पोटावर पाय आला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि ते निघून गेल्यावर या पडवीत आपण एकट्याने काय करायचे, या विचाराने त्याला धडकी भरे.

अशात एके दुपारी दिघे नावाचे एक गृहस्थ आले. शेजारच्या तालुक्यात पाण्याचे पंप बनवण्याचा नवा कारखाना निघत होता. दिघे त्याचे व्यवस्थापक होते.

ते हैबतीला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्याकडचे हात नामांकित आहेत, असं ऐकलं. मला दोन माणसं हवीत. राहायला खोली देऊ. पण महिन्याभरात यायला हवं, नंतर जागा भरल्या जातील."

हैबतीने पडवीकडे पाहिले. इमामभाई भात्याशी बसून काही काम नाही म्हणून जुनेच सांडस घासत होते.

"माझी माणसं सुटी नाहीत," हैबती म्हणाला. "आम्हालाच हात कमी पडताहेत."

दिघे गेले. इमामभाईंनी विचारले, "कोण होते, मालक?"

"गिऱ्हाईक," हैबती म्हणाला. "वीस नग मागताहेत."

इमामभाईंचा चेहरा असा उजळला की हैबतीला शब्द मागे घेता येईनात. त्याच संध्याकाळी भट्टी पेटली.

पुढे वर्षभर त्या तिघांनी जीव ओतून काम केले. इमामभाईंच्या भावाने गावाकडून निरोप धाडला, "एवढी वर्षं झाली, आता शेतावर या. दोघे मिळून पिकवू." इमामभाईंनी उलट निरोप दिला, "इथं पुष्कळ काम आहे. माझ्या वाटणीची जमीनही तूच कसत राहा, ती तुझीच समज." हैबती मळ्याचा तुकडा विकून दोघांचा पगार देत राहिला. तयार झालेले पिस्तूल तो फडक्यात गुंडाळून न्यायचा आणि घरातल्या कपाटात ठेवायचा. गिऱ्हाईक शेवटी एकदमच नेणार आहे, असे सांगायचा. आपण यांच्यासाठी केवढी झीज सोसतो आहोत, असे त्याला वाटायचे आणि त्यावरच तो मनाचे समाधान करून घ्यायचा.

विसावे पिस्तूल झाले त्या दिवशी हैबती तापाने पडला होता. केरू ते घरी पोचवायला गेला. हैबतीच्या बायकोने कपाट उघडून दिले. आत एकोणीस गाठोडी ओळीने ठेवलेली होती. केरूने इमामभाईंना बोलावून आणले.

"गिऱ्हाईक कधी येणार?" इमामभाईंनी विचारले.

हैबतीने भिंतीकडे तोंड केले. "गिऱ्हाईक नाही, इमामभाई. नव्हतंच."

कुणी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी दोघे पंपाच्या कारखान्यात काम मागायला चालत गेले. दिघ्यांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी मी तुम्हालाच न्यायला आलो होतो. तुमच्या मालकांनी सांगितलं, तुम्ही सुटणार नाही. आता एकही जागा नाही हो."

परतल्यावर इमामभाई आपल्या कानशी गोळा करायला पडवीत आले. हैबती दाराशी उभा होता.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलो," तो म्हणाला.

"वाईट वाटलंच असतं," इमामभाई म्हणाले. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर आम्ही एक वर्ष आधी रडलो असतो, एवढंच. पण रडून कामाला लागलो असतो. ते वर्ष आमचं होतं, मालक. ते तुम्ही ठेवून घेतलंत."

हैबती दारातून बाजूला झाला.

केरू तरुण होता, तो दूर कुठे सुताराच्या हाताखाली लागला. इमामभाईंना भावाकडे तोंड दाखवायची लाज वाटली. ते मोटार अड्ड्यावर चाकांची पंक्चरे काढू लागले. हैबतीने ती वीस पिस्तुले चौकीत नेऊन जमा केली. फौजदाराने एक हातात घेऊन उलटसुलट पाहिले, "काम सुबक आहे," असे म्हणून पेटीत टाकले आणि पावती लिहिली.

एकदा हैबती मोटारीची वाट पाहत अड्ड्यावर उभा होता. इमामभाईंनी त्याला ओळखले. हात पुसून आपले बसायचे खोके त्याच्याकडे सरकवले आणि चहा मागवला. दोघे चहा प्यायले. इमामभाईंनी जुने काही काढले नाही. ते बोलले असते तर हैबतीला बरे वाटले असते. मोटार आली, तो चढला, आणि सबंध घाटभर खिडकीबाहेर तोंड करून बसला.

तात्पर्य: येणारे संकट आपल्या माणसांपासून लपवल्याने टळत नाही; त्यांच्या हातचा सावरण्याचा वेळ मात्र निघून जातो, आणि तो कितीही माया केली तरी परत देता येत नाही.