मंजुळेच्या मुठीतली शेपटी

फार जुनी गोष्ट. माणसं तेव्हा झाडावरून नुकतीच उतरली होती आणि शहाणपण वरच विसरून आली होती. त्याच झाडावर मंजुळा वानरीण आपल्या पिल्लाची, बुटक्याची, शेपटी दिवसभर मुठीत धरून बसायची.

एकदा समोरच्या फांदीवर पिकलेलं उंबर दिसलं आणि बुटक्यानं उडी मारली. मंजुळेनं घाबरून मूठ आणखीच आवळली. हिसका बसून बुटक्या मधेच उलटा लोंबकळायला लागला. खाली झोपलेला बिबट्या उठून बसला.

"आई, सोड!"

"सोडलं तर पडशील, मेल्या!"

"धरलंस म्हणून तर लटकलोय! झोका तिकडं गेला की सोड."

मंजुळेचा हात घामानं भिजला, पण मूठ उघडेना. बिबट्या दबा धरून बसला. झोका एकदा गेला, परत आला. दुसऱ्यांदा गेला तसा बिबट्या उसळला आणि मंजुळेनं डोळे मिटून मूठ उघडली.

बिबट्याच्या पंजात नुसती पानं आली.

"आई, आहेस ना?" समोरच्या फांदीवरून आवाज आला.

"आहे रे, मी कुठं जाणार!"

अर्धं उंबर खाऊन बुटक्या एकटाच उडी मारून परतला, तिच्या कुशीत शिरला आणि आपण होऊन शेपटी तिच्या हातात देत म्हणाला, "धर. पण जरा सैल."